गुरुवारची गोळी

"हाडं ठिसूळ झालीत" असं डॉक्टरांनी सांगितलं की आपण बायका काय करतो? नाचणी सुरू करतो, दुधाचा रतीब वाढवतो आणि चिठ्ठीवरची गोळी मात्र चार महिन्यांत बंद करतो. मैत्रिणींनो, आज त्या बंद पडणाऱ्या गोळीविषयीच लिहायचं आहे.

माझं निदान अठ्ठावन्नाव्या वर्षी झालं. मागच्या अंगणात पाय घसरला, हात टेकला आणि मनगट मोडलं. डॉक्टरांनी जिल्ह्याच्या गावी डेक्सा तपासणीला पाठवलं. टी-स्कोअर आला उणे २.८. उणे २.५ किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस. तेव्हापासून दर आठवड्याला ॲलेन्ड्रोनेटची ७० मिलिग्रॅमची एक गोळी घेते. सोमवार, शनिवार उपासाचे, म्हणून गुरुवार धरला.

गोळीचं सोवळं मोठं कडक! उठल्याबरोबर, रिकाम्या पोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर गिळायची. नंतर निदान अर्धा तास चहा नाही, दूध नाही, दुसरं औषध नाही आणि आडवं व्हायचं नाही. मुळात या गोळीतलं जेमतेम एक टक्का औषध अंगात शोषलं जातं. चहा-दुधाबरोबर घेतली तर तेवढंही नाही. आडवं पडलं तर ती अन्ननलिकेत रेंगाळून जळजळ होते, व्रणही पडू शकतो. कॅल्शियमची गोळी नंतर, जेवणाबरोबर. आता घरच्या बाईनं सकाळचा अर्धा तास चहाशिवाय काढणं म्हणजे काय, ते आपल्यालाच ठाऊक. मी तेवढ्यात पूजेची फुलं तोडते.

शेजारच्या काकूंनाही हीच गोळी होती. "चार महिने घेतली गं, कंबर काही थांबली नाही," म्हणाल्या आणि सोडली. पण ती कंबर थांबवण्याची गोळी नव्हेच! आपलं हाड म्हणजे कायम दुरुस्ती चालू असलेलं घर. जुना भाग पाडणाऱ्या पेशी वेगळ्या, नवा बांधणाऱ्या वेगळ्या. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी होतं आणि पाडापाडी बांधकामाच्या पुढे जाते. गोळी त्या पाडणाऱ्यांचा हात आवरते. हे आतल्या आत चालतं, म्हणून अंगाला काही जाणवत नाही.

दोन वर्षांनी कळशी उचलताना काकूंच्या पाठीत कळ आली. लचक म्हणून शेकत बसल्या. एक्स-रेत मणका दबलेला निघाला. त्याआधी वर्षभर म्हणत होत्या, "साड्या हल्ली पायात येतात." साड्या कुठल्या वाढतात? उंची कमी होत होती, कुणाच्या लक्षात आलं नाही. गोळी चालू असती तर मणका वाचलाच असता असं छातीठोकपणे कोणी सांगणार नाही. पण १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, आधी मणका मोडलेल्या बायकांना सुमारे तीन वर्षं हे औषध दिल्यावर मणक्यांची नवी फ्रॅक्चर्स जवळपास निम्म्यावर आली होती.

"जबड्याचं हाड सडतं म्हणे!" असंही कानावर येतं. ते फार क्वचित होतं. दात काढायचा असेल तर दातांच्या डॉक्टरांना ही गोळी चालू असल्याचं आधी सांगायचं. मांडीत नवीनच दुखू लागलं तर दाखवायचं. आणि गोळी जन्मभराची नसते. साधारण पाच वर्षांनी थांबवता येईल का, ते डॉक्टर बघतात.

सहा महिन्यांनी घ्यायचं डेनोसुमॅबचं इंजेक्शन कुणाला चालू असेल, तर ते मात्र परस्पर बंद करू नका. ते अचानक थांबलं तर हाडांची झीज उसळते आणि एकदम दोन-तीन मणकेही मोडू शकतात.

काकूंना रक्ताच्या तपासण्या करून, वर्षातून एकदाच सलाइनमधून द्यायचं झोलेड्रोनिक ॲसिड दिलंय. नंतर दोन दिवस ताप, अंगदुखी झाली. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं म्हणून घाबरल्या नाहीत. पुढची तारीख लिहायला नव्या वर्षाचं कॅलेंडर अजून आलेलं नाही. तोवर चिठ्ठी साखरेच्या डब्याच्या झाकणाला चिकटवली आहे.