गरम झाली की बंद: चंदीगडच्या जुन्या गाड्यांतील एका दोषाचा मागोवा

पेट्रोलची गाडी चालता चालता बंद पडून पुन्हा सुरू होत नसेल, तर ठिणगी, पेट्रोल किंवा इंजिनातला दाब यांपैकी काहीतरी हरवलेले असते. चंदीगडमध्ये मात्र त्याआधी एक प्रश्न विचारावा लागतो: गाडी थंड असताना बंद पडली की गरम झाल्यावर? शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३२० मीटरवर, मे-जूनमध्ये पारा ४४ अंशांपर्यंत जातो, आणि काल्का मागे पडताच सुरू होणारा घाट सिमल्यापर्यंत सुमारे २,२०० मीटर उंची गाठतो. उन्हाळा तोच आणि घाटही तोच राहिला. उष्णता ज्या भागाला गाठते तो भाग तेवढा बदलत गेला.

सत्तरच्या दशकात रस्त्यावर मुख्यतः उत्तरपाड्याची अ‍ॅम्बॅसेडर आणि कुर्ल्याची फियाट, म्हणजे पुढची प्रीमियर पद्मिनी. पद्मिनीचा पेट्रोल पंप इंजिनालाच बसवलेला असे आणि तो टाकीतून पेट्रोल ओढत असे. ओढताना नळीतला दाब कमी होतो. त्यात इंजिनाची धग आणि घाटातली विरळ हवा. पेट्रोलचे हलके घटक तर ४० अंशांच्या आसपासच उकळू लागतात. नळीत वाफ झाली की पंप नुसताच हलतो, कार्बोरेटर कोरडा पडतो. पंपावर ओले फडके टाकून थांबणे हा त्यावरचा सर्वपरिचित उपाय.

पण लक्षण तेच आणि कारण नेमके उलटे, असेही घडे. तापलेली गाडी थांबवल्यावर कार्बोरेटरमधले पेट्रोल उकळून आत सांडते आणि इंजिन ‘ओव्हर’ होते. इथे चोक ओढला तर प्रकरण आणखी बिघडते. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारावा लागतो. निवाडा प्लग काढल्यावर होई: कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही, भिजलेला असेल तर जास्त झाले आहे किंवा ठिणगी नाही. ठिणगी पिवळी, अशक्त दिसली की संशय कंडेन्सरवर किंवा कॉइलवर. हे दोन्ही भाग गरम झाल्यावर दगा देतात आणि थंड झाल्यावर निर्दोष ठरतात, त्यामुळे गाडी मनीमाजऱ्याच्या मोटर मार्केटपर्यंत ओढून नेईस्तोवर पुरावा नाहीसा झालेला असे. बरा मिस्त्री म्हणूनच इंजिन मुद्दाम तापवून मग तपासायचा.

१४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० आली. ७९६ सीसी, तीन सिलिंडर. कार्बोरेटर होताच, पण रेडिएटरचा पंखा विजेचा. तो किंवा त्याचा स्विच बिघडला की चौकातल्या सिग्नलवर इंजिन तापे. टायमिंग बेल्ट तुटल्यास सेल्फ नेहमीपेक्षा मोकळा, वेगाने फिरतो. डिस्ट्रिब्युटरचे झाकण उघडून आतला रोटर फिरतो का, एवढे पाहिले की खात्री पटते.

एप्रिल २००० पासून देशभर उत्सर्जनाचे नवे नियम लागू झाले आणि कार्बोरेटर मागे पडला. कार्बोरेटरऐवजी इंजेक्शन असलेल्या एमपीएफआय गाड्यांत पंप टाकीत गेला. तो पेट्रोल ओढत नाही, दाबाने ढकलतो, त्यामुळे नळीत वाफ होण्याचा त्रास जवळपास संपला. मात्र हा पंप भोवतीच्या पेट्रोलनेच थंड राहतो. सदैव रिझर्व्हवर गाडी चालवणाऱ्यांचा पंप लवकर जातो. किल्ली फिरवल्यावर मागून दोन सेकंद येणारी गुणगुण ऐकू येते का, ही पहिली चाचणी. गुणगुण नसेल तर आधी फ्यूज आणि रिले पाहावेत, मग पंप. गुणगुण असूनही इंजिन सुरू होत नसेल आणि सेल्फ मारताना आरपीएमचा काटा शून्यावरच राहत असेल, तर क्रँक सेन्सर. त्याची तार तापल्यावर तुटते, थंड झाल्यावर जुळते. जुन्या कंडेन्सरचीच खोड.

बिघाडाचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरला हा दोष सापडतोच असे नाही, कारण कित्येक गाड्यांत त्याची नोंदच होत नाही. कोड नाही म्हणून सेन्सर निर्दोष, असे मानून भलताच भाग बदलण्याचा प्रकार तेव्हापासून वाढला. कंडेन्सरच्या काळात निदान भाग स्वस्त होते.

अलीकडे २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल आले. इथेनॉलमुळे जुन्या रबरी नळ्या आणि सील फुगतात, टाकीतला जुना गाळ सुटून फिल्टरमध्ये अडकतो, आणि पेट्रोल पूर्वीपेक्षा थोडे सहज वाफ होते. कार्बोरेटर असलेल्या ज्या थोड्या मारुती-पद्मिनी अजून चालतात, त्यांच्या तपासात आता नळ्या आणि फिल्टर कॉइलच्याही आधी पाहिले जातात.