गच्चीवरचे विमान

विमान बांधणे हे केवळ बलाढ्य कारखान्यांचे काम, ही समजूत कॅप्टन अमोल यादव यांनी खोटी ठरविली. व्यवसायाने वैमानिक असलेल्या यादवांनी मुंबईत चारकोप येथील इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. फेब्रुवारी २०१६ मध्ये 'मेक इन इंडिया' सप्ताहात ते लोकांनी पाहिले.

सांगाडा, पंख व इंजिन जोडले म्हणजे विमान पूर्ण होत नाही. उपकरणे हे वैमानिकाचे दुसरे डोळे होत. वेगमापक समोरून नळीत शिरणाऱ्या वाऱ्याचा दाब आणि बाहेरील हवेचा स्थिर दाब यांतील फरकावरून वेग दाखवितो. उंचीबरोबर हवेचा दाब घटतो. त्यावरून उंचीमापक उंची सांगतो. एखाद्या किड्याने त्या नळीचे तोंड बुजविले, तरी वेग चुकीचा दिसतो. म्हणूनच तपासणी कठोर असते.

या विमानाची नोंदणी नोव्हेंबर २०१७ मध्ये झाली, उड्डाणाचा परवाना ऑक्टोबर २०१९ मध्ये मिळाला आणि ऑगस्ट २०२० मध्ये धुळ्याला चाचणी झाली. बांधणीइतकीच चिकाटी परवान्यांसाठीही लागली.

ज्या समाजव्यवस्थेने अवजार धरणाऱ्या हाताला ग्रंथ नाकारला आणि ग्रंथ वाचणाऱ्याला श्रमाचा विटाळ शिकविला, तेथे या दोहोंचा मेळ मोलाचा ठरतो. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईची प्रवासी सेवा सुरू झाली. आपल्या विद्यार्थ्यांनी त्या विमानाकडे केवळ मान वर करून पाहू नये. ते उडते कसे, हे विचारावे. आणि पालकांनी हाती पाना घेतलेल्या मुलामुलींना 'अभ्यास सोडून खेळतोस' असे म्हणू नये.