दिसलेले सोने आणि मिळालेले सोने

फेब्रुवारी २०२० मध्ये उत्तर प्रदेशातील सोनभद्र जिल्ह्यात तीन हजार टनांहून अधिक सोने सापडल्याची वार्ता देशभर पसरली. भाव कोसळणार की काय, अशी चर्चा सराफ पेढ्यांपासून चहाच्या टपऱ्यांपर्यंत रंगली. नंतर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याने खुलासा केला. तेथे सुमारे ५२,८०६ टन खनिजयुक्त दगड असल्याचा अंदाज होता आणि त्या दगडात दर टनामागे सरासरी ३.०३ ग्रॅम सोने होते. हा गुणाकार आपल्यापैकी कोणीही पाटीवर करू शकेल. उत्तर येते सुमारे १६० किलो. कोठे तीन हजार टन आणि कोठे १६० किलो!

व्यापारी घराण्यांत सोन्याचा कस, वजन आणि भाव यांचे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले असते. परंतु दागिना होण्यापूर्वी, लगड होण्यापूर्वी, सोने खडकात कसे असते आणि ते शोधले कसे जाते, याची माहिती आपल्याला फारशी नसते. अशा वार्तांनी जाणती माणसेही क्षणभर भुलतात, त्याचे हेच कारण असावे.

आपल्या पायाखालचा खडक

प्रथम आपल्याच भूमीकडे पाहू. नगर-सोलापूर रस्त्यावरील मिरजगाव आणि सारा कर्जत तालुका काळ्या पाषाणावर वसलेला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर पसरून दख्खनचे पठार तयार झाले. विहीर खणताना वरची काळी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या आणि त्याखाली सुरुंगालाच दाद देणारा कठीण काळा दगड लागतो, तो हाच. या दगडाच्या पोकळ्यांत आणि भेगांत पांढऱ्या, हिरवट, चमकदार स्फटिकांची दाटी आढळते. राहुरीजवळच्या मोमिन आखाडा येथे विहिरीत निघालेले हिरवे अ‍ॅपोफिलाइट तर जगभरच्या संग्राहकांनी नावाजले. हे स्फटिक सुंदर आहेत, त्यांना मोलही आहे. पण ते सोने नव्हे, आणि सोन्याची खूणही नव्हे. ज्या खडकांत आपल्याकडच्या सोन्याच्या शिरा असतात, ते खडक याहून कितीतरी जुने आहेत. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारी येथे खोल छिद्र घेण्यात आले, तेव्हा सुमारे ३४० मीटर काळा पाषाण ओलांडल्यावर खाली हा प्राचीन खडक लागला. दक्षिणेकडे सरकत गेल्यावर दख्खनचे आवरण संपते आणि तोच प्राचीन खडक उघडा पडतो.

शीर घडते कशी?

या प्राचीन खडकांना धारवाड जिल्ह्यावरून ‘धारवाडी’ हे नाव मिळाले आहे. त्यांचे वय अडीचशे कोटी वर्षांहून अधिक. भूगर्भात अनेक किलोमीटर खोलीवर अतिशय तप्त पाणी प्रचंड दाबाखाली खडकांतून फिरत असते. गंधकाच्या संयुगांबरोबर त्यात सोन्याचा अत्यल्प अंश विरघळतो. भूहालचालींनी खडक चिरला की हे पाणी त्या भेगेत शिरते. दाब एकाएकी उतरतो, पाण्यातील गार साचते आणि तिच्यासोबत सोन्याचे कण मागे राहतात. पुन्हा भेग, पुन्हा पाणी, पुन्हा साका. असे असंख्य वेळा घडून पांढऱ्या गारेची एक शीर तयार होते. मात्र भेग सर्वत्र सारखी नसते. ती कोठे हातभर रुंद, कोठे बोटभर, तर कोठे अजिबात नाहीशी. सोनेही तिच्यात समान वाटलेले नसते. वीतभर तुकड्यात डोळ्यांना दिसेल एवढे सोने असावे आणि पुढची पन्नास फूट गार कोरी निघावी, हा या व्यवहाराचा नेहमीचाच अनुभव होय.

कप्पतगुड्डचा शोध

सोलापूरहून विजापूरमार्गे जाणारा लोहमार्ग जेथे पोहोचतो, त्या गदग शहराच्या दक्षिणेस कप्पतगुड्ड नावाची डोंगररांग आहे. इंग्रजी अहवालांत तिचा उल्लेख ‘डंबळचे डोंगर’ असा येतो. हा प्रदेश त्या काळी मुंबई इलाख्यातील धारवाड जिल्ह्यात होता. आपल्या समाजाला हा परिसर परका नाही. गदगजवळच्याच लक्कुंडी येथे दानशूर अत्तिमब्बे यांनी इ. स. १००७ मध्ये उभारलेले ब्रह्म जिनालय आजही उभे आहे, आणि ‘लोक्कि गद्याण’ ही सुवर्णनाणी याच लक्कुंडीच्या नावाने ओळखली जात.

या डोंगरातून निघणाऱ्या ओढ्यांची वाळू धुऊन सोन्याचे कण वेचणारे लोक होते. त्यांना जलगार म्हणत. आपल्याकडे सोनाराच्या दुकानापुढची माती धुऊन सोने काढणारे झारेकरी असत, त्यांच्या कामाशी हे काम मिळतेजुळते. जोराचा पाऊस होऊन गेला की जलगार लाकडी पात्रात वाळू हलवीत. हलकी माती वाहून जाई, जड कण तळाशी राहत. सोरटूरच्या ओढ्याची ख्याती विशेष होती.

ओढ्यात सोने आहे म्हणजे डोंगरात त्याचे मूळ असलेच पाहिजे, हा तर्क सरळ होता. ऑस्ट्रेलियातील खाणकामाचा अनुभव असलेल्या एका शोधकाने येथे प्रयत्न करून पाहिला. त्यानंतर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याचे रॉबर्ट ब्रूस फूट येथे आले. १८६३ मध्ये मद्रासजवळ पल्लावरम येथे अश्मयुगीन हत्यार ओळखून भारताच्या प्रागितिहासाचा पाया घालणारे ते हेच फूट. १८७४ साली त्यांनी या डोंगरांतील सुवर्णयुक्त खडकांवर आपला अहवाल प्रसिद्ध केला. त्यांनी ओढे पाहिले, वाळू धुऊन घेतली, गारेच्या शिरा तपासल्या. शिरा पुष्कळ होत्या. परंतु बहुतेक पांढऱ्याशुभ्र आणि कोऱ्या. हत्तीकट्टीजवळच्या एका शिरेत मात्र सोन्याचा अंश आढळला. फूट यांनी जे पाहिले ते लिहिले आणि जे पाहिले नाही त्याचे आश्वासन दिले नाही.

भांडवल पुढे आले ते विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात. होसूर, कबुलायतकट्टी अशा ठिकाणी खाणी खोदल्या गेल्या. एका खाणीचे नाव चक्क ‘सांगली’ होते, कारण पटवर्धनांच्या सांगली संस्थानचा शिरहट्टी तालुका याच भागात येत असे. यंत्रे आली, कूपके खोल गेली, थोडे सोनेही निघाले. पण शिरा अरुंद होत गेल्या, खर्च निघेना, आणि पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ही कामे थंडावली होती. स्वातंत्र्योत्तर काळात भूवैज्ञानिकांनी या पट्ट्याची पुन्हा तपासणी केली. खाणीचे प्रस्तावही आले आणि त्यांना स्थानिकांचा विरोधही झाला. औषधी वनस्पतींसाठी प्रसिद्ध असलेल्या या डोंगररांगेला २०१९ मध्ये वन्यजीव अभयारण्याचा दर्जा मिळाला.

मूठभर नमुना आणि सारे पोते

कप्पतगुड्डला सोने नव्हते असे नाही. तेथे सोने दिसले होते, पण त्यातून टिकाऊ व्यवहार उभा राहिला नाही. हा भेद भुसार मालाच्या आडत्याला सांगावा लागत नाही. पोत्याच्या तोंडाशी असलेली मूठभर ज्वारी पाहून कोणी शंभर पोत्यांचा सौदा करीत नाही. लोखंडी नळी पोत्यात खुपसून मधला माल काढून पाहतो. भूवैज्ञानिकही हेच करतात. हिऱ्याच्या कणांनी मढविलेल्या पोकळ नळीने खडकात खोलवर छिद्रे घेतात आणि बाहेर आलेल्या दगडी दांड्याचे तुकडे प्रयोगशाळेत तपासतात. आपल्या देशात या शोधाचे चार टप्पे मानले आहेत: टेहळणी, प्राथमिक पूर्वेक्षण, सर्वसाधारण समन्वेषण आणि तपशीलवार समन्वेषण. पहिल्या टप्प्यावरील बहुतेक स्थळे चौथ्यापर्यंत पोहोचतच नाहीत.

टनामागे तीन ग्रॅम म्हणजे नेमके किती? ज्वारीच्या शंभर किलोंच्या दहा पोत्यांइतका दगड फोडायचा, दळायचा, रसायनांनी धुवायचा आणि हाती येणार पाव तोळ्याच्या आसपास सोने.

हे गणित विसरल्याने काय होते, हे वायनाडने दाखविले. १८७९ ते १८८१ या काळात तेथील सोन्याच्या नावावर लंडनमध्ये तीसहून अधिक कंपन्या निघाल्या. त्यांचे कागदोपत्री भांडवल सुमारे चाळीस लाख पौंड होते. सोने जेमतेम निघाले आणि भागधारकांचा पैसा बुडाला. त्याच सुमारास कोलारच्या कंपन्याही बुडण्याच्या बेतात होत्या. तेथे जॉन टेलर आणि मंडळींच्या व्यवस्थापनाखाली प्राचीन खाणकामाचा माग धरून खोल गेल्यावर ‘चॅम्पियन’ शीर हाती लागली. त्या शिरेने १९०२ मध्ये शिवनसमुद्रहून वीज आणविली, तीन किलोमीटरहून अधिक खोलीपर्यंत माणसे नेली आणि सुमारे ८०० टन सोने दिले. तरीही २८ फेब्रुवारी २००१ रोजी ती खाण बंद झाली. खर्च उत्पन्नाच्या पुढे गेला होता. रायचूर जिल्ह्यातील हुट्टीची खाण मात्र आजही चालू आहे. तेथील प्राचीन खाणकामात सापडलेले लाकूड सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे ठरले आहे.

महाराष्ट्रातही नागपूर-भंडारा भागातील साकोली गटाच्या जुन्या खडकांत सोन्याच्या खुणा आढळल्या आहेत, पण चालू खाण नाही. उद्या तेथील एखाद्या शिरेची बातमी येईल, तिच्या मागोमाग समभाग घेण्याचा आग्रह करणारेही येतील. तेव्हा चार प्रश्न विचारावेत. सांगितलेला आकडा दगडाचा आहे की सोन्याचा? टनामागे सरासरी किती, की सर्वांत चांगल्या तुकड्याचाच कस सांगितला जात आहे? छिद्रे किती आणि किती खोल घेतली, आणि त्यांची तपासणी कोणी केली? सोन्यासारख्या खनिजांचे पट्टे २०१५ पासून लिलावाने दिले जातात; तसा पट्टा हाती आहे काय?

आणि शेतात चमकणारा पिवळा दगड सापडला, तर हातोडीचा एक ठोका पुरेसा आहे. सोने चपटे होते. सोन्यासारखा दिसणारा माक्षिक फुटून त्याचा काळपट चुरा होतो. कसोटीवर सोन्याची रेघ पिवळी उमटते, माक्षिकाची काळी. आपल्या आजोबांनी प्रत्येक दागिना घेण्यापूर्वी कसोटीचा दगड काढला. दागिन्याला लावलेली ती सावधगिरी आपण खाणीच्या बातमीलाही लावावी, एवढेच सांगणे.