बाटलीवरचे इंग्रजी

आमच्या घरात इंग्रजी वाचता येणारे माणूस म्हणजे मी. हा मान मला चौथी-पाचवीत असतानाच मिळाला आणि तो मिळवण्यासाठी मी विशेष काही केले होते असे नाही. आजी निरक्षर, आईची शाळा सातवीत सुटलेली. बाबा दहावीपर्यंत गेले. पण त्यांच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून सुरू होई, आणि ते सही करण्यापलीकडे फारसे गेले नाही. पुढे 2000 सालापासून महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले. त्यामुळे माझ्या पिढीला बाराखडीबरोबरच एबीसीडी मिळाली. घरात गोळ्यांची पट्टी आली, बँकेचा कागद आला, मिक्सरच्या खोक्यातून घडीचे पत्रक निघाले, की हाक यायची, ‘काय लिहेल हाय व ह्याच्यात? पाहून सांग.’ मी पाहायची आणि सांगायची. येत असे ते सांगायची, येत नसे तेही सांगायची.

या शेवटच्या वाक्याबद्दलच मला लिहायचे आहे.

आज मी बी.एड. करते आहे. इंग्रजी हा माझ्या अध्यापनाचा विषय. म्हणजे ज्या तासाला मी दहा वर्षे बाकावर बसले, त्याच तासाला आता खडू हातात घेऊन उभी राहते. दोन्ही बाजूंनी पाहिल्यावर त्या तासाविषयी काही गोष्टी ध्यानात आल्या. त्या कुणाला दोष देण्यासाठी सांगत नाही. आमचे सर मनाने चांगले होते. वर्गात साठ मुले, आणि त्यांतल्या बहुतेकांच्या घरी इंग्रजीचा एक शब्द बोलला जात नव्हता. सर धड्यातली ओळ वाचायचे, तिचा मराठीत अर्थ सांगायचे, फळ्यावर प्रश्नोत्तरे लिहायचे आणि आम्ही ती उतरवून घ्यायचो. आम्हाला कर्तरीचे कर्मणी करता यायचे. रामाने रावणाला मारले, की आम्ही लगेच रावणाला रामाकडून मारून दाखवायचो. पण ‘पाणी कुठे मिळेल?’ एवढे इंग्रजीत विचारायची वेळ आली असती, तर आम्ही तहानलेलेच राहिलो असतो.

परीक्षा जवळ आली की सर एक सल्ला आवर्जून द्यायचे. ‘उत्तर कोरे सोडू नका. येत नसेल तरी काहीतरी लिहा. लिहिलेत तर एखादा गुण मिळेल, कोरे सोडलेत तर शून्य.’ परीक्षेपुरता हा सल्ला अगदी व्यवहारी होता. त्याने माझे कितीतरी गुण वाचवले. मात्र परीक्षेच्या बाहेर तो किती महागात पडतो, हे कळायला मला एक सप्टेंबर पाहावा लागला.

आमचे गाव यवतमाळ जिल्ह्यातले. कापसाचे. 2017 साली मी आठवीत होते. त्या वर्षीचा हंगाम आमच्या भागात कुणी विसरलेले नाही. पऱ्हाटी माणसाच्या उंचीला लागली होती, बोंडअळीने सगळ्यांची झोप उडवली होती आणि जो तो पाठीवर पंप घेऊन शेतात शिरला होता. आमच्याकडे कीटकनाशकाला औषधच म्हणतात. ‘औषध मारले का?’ असे माणसे एकमेकांना सहज विचारतात. एका सकाळी बाबांनी कृषी केंद्रातून आणलेल्या दोन बाटल्या ओट्यावर ठेवल्या आणि मला हाक मारली. ‘ह्या दोन्हीत जालीम कोणतं हाय, पाह्य बरं.’

मी दोन्ही बाटल्या हातात घेऊन पाहिल्या. एकीवर पिवळा त्रिकोण आणि त्याच्या वर ‘पॉयझन’ असे लिहिलेले. दुसरीवर निळा त्रिकोण आणि वर ‘डेंजर’. पॉयझन म्हणजे विष, हे मला येत होते. तसे सांगितल्यावर बाबा हसले. ‘इख तं हायच. नाही तं अळी कायनं मरन?’ त्यांचेही बरोबर होते. म्हणजे त्या शब्दाने नवे असे काहीच सांगितले नव्हते. ‘डेंजर’ मात्र मी विजेच्या डीपीवर पाहिला होता, कवटीच्या चित्राखाली. त्याला हात लावला की माणूस जागेवर संपतो, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. शिवाय पिवळा रंग मधला, हे सिग्नलच्या चित्रात शिकलेले. मनातून मला खात्री नव्हती. पण उत्तर कोरे सोडायचे नाही, ही सवय हाडात भिनलेली. मी सांगून टाकले, ‘निळे जास्त जालीम आहे. त्याच्यावर धोका लिहिला आहे.’

माझे उत्तर चुकले होते.

कीटकनाशकांच्या बाटल्यांवरच्या या खुणा 1971 च्या कीटकनाशक नियमांनुसार छापलेल्या असतात. लाल त्रिकोण म्हणजे अत्यंत विषारी. त्यावर कवटी आणि ‘पॉयझन’ हा शब्द. पिवळा म्हणजे अतिविषारी, त्यावरही ‘पॉयझन’. निळा म्हणजे मध्यम विषारी, त्यावर ‘डेंजर’. हिरवा म्हणजे त्या मानाने कमी विषारी. त्यावर ‘कॉशन’, म्हणजे जपून वापरा. तेव्हा पॉयझन, डेंजर आणि कॉशन ही तीन सुटी नावे नव्हेत, ती उतरती पायरी आहे. शब्दकोशात तिन्ही शब्द सापडतात, ही पायरी सापडत नाही. आणि रंगांचा सिग्नलशी काहीही संबंध नाही. इथला पिवळा ‘थांबा, पाहा’ म्हणणारा नाही, आणि हिरवा तर ‘खुशाल जा’ म्हणणारा मुळीच नाही.

बाबांनी निळ्या बाटलीसाठी तोंडाला रुमाल बांधायचे ठरवले आणि ती दुसऱ्या दिवसावर टाकली. पिवळी त्याच दिवशी घेतली. उघड्या हाताने ढवळली, उघड्या अंगाने फवारली. दुपारी घरी आले तेव्हा अंगाला घाम सुटला होता आणि तोंडाला पाणी सुटत होते. डोळ्यांपुढे सगळे धूसर दिसते म्हणाले. शेजारच्या काकांच्या गाडीवर घालून त्यांना आधी तालुक्याला आणि तिथून जिल्ह्याच्या ठिकाणी नेले. चार दिवसांनी ते घरी परत आले. त्या हंगामात फवारणीच्या विषबाधेने आमच्या जिल्ह्यात वीसच्या वर शेतकरी आणि शेतमजूर दगावले आणि शेकडो दवाखान्यात दाखल झाले. आमचे बाबा वाचलेल्यांत होते.

ती माणसे इंग्रजी येत नव्हते म्हणून गेली, असे म्हणणे खोटेपणाचे होईल. वाढलेले पीक, उकाडा, एकात एक मिसळून मारलेली औषधे, हातमोजे-मुखवट्यांचा अभाव, डोक्यावर चढलेले कर्ज, अशी कितीतरी कारणे होती. बाटलीबरोबर मराठी मजकूर असलेले घडीचे पत्रकही येते. अक्षर मुंगीएवढे असले तरी ते असते. आम्ही ते उलगडलेच नाही, कारण घरात शिकलेली मुलगी होती.

दवाखान्यातून सुटी मिळताना हातात कागद पडला. त्यावरचे ‘टीडीएस’ आणि ‘एसओएस’ ही मला गोळ्यांची नावे वाटली. ही अक्षरे मुळात इंग्रजी शब्दांचीही नाहीत, लॅटिन शब्दांची आहेत, हे पुष्कळ पुढे कळले. टीडीएस म्हणजे दिवसातून तीन वेळा आणि एसओएस म्हणजे गरज वाटली तरच. खाली ‘रिव्ह्यू’ असे लिहून सात दिवसांनंतरची तारीख टाकली होती. रिव्ह्यू म्हणजे उजळणी, असे माझ्या वहीत होते. आता औषधाची उजळणी कशी करायची? सुदैवाने या वेळी आईने माझ्यावर भिस्त ठेवली नाही. ती परत आत गेली आणि नर्सबाईंना विचारून आली. गोळ्यांच्या पट्ट्यांवर तिने चुलीतल्या कोळशाने रेघा ओढल्या, एक रेघ, दोन रेघा, तीन रेघा. त्या घरातले सगळ्यांत अचूक लेखन तेच होते.

दिवाळीनंतर शाळा सुरू झाली. इंग्रजीच्या तासाला पत्रलेखन होते. सुटी कशी घालवली, ते मैत्रिणीला पत्राने कळवायचे. मी गाइडमधले पत्र पाठ केले होते. त्यातली मुलगी आईवडिलांबरोबर महाबळेश्वरला जाते, बोटीत बसते, स्ट्रॉबेरी खाते. मी एकही चूक न करता महाबळेश्वरला जाऊन आले. पाचपैकी चार गुण मिळाले आणि सरांनी वही वर्गाला दाखवली. मी आजतागायत महाबळेश्वर पाहिलेले नाही. त्या सुटीत मी रोज दुपारी बाबांना विचारत होते, भिंतीवरच्या कॅलेंडरातले आकडे नीट दिसतात का. हे लिहायचे असते तर मला इंग्रजीत किती शब्द लागले असते? फार नाहीत. माझे बाबा आजारी होते, मी घाबरले होते, आता ते बरे आहेत. ही तिन्ही वाक्ये मला येत होती. इंग्रजीच्या तासाला ती लिहायची असतात, हे मात्र माझ्या मनालाही शिवले नाही.

माझा या तासावर आक्षेप असलाच तर एवढाच आहे. तिथे आमच्या घरातले काही चालत नव्हते. घरात इंग्रजी नाही, असे सगळे धरून चालत. आम्हीही तसेच मानायचो. प्रत्यक्षात घरात इंग्रजी भरपूर होते. ते बाटलीवर होते, पट्टीवर होते, बियाण्याच्या पाकिटावर होते, बाबांच्या मोबाइलवर येणाऱ्या बँकेच्या निरोपांत होते. पुस्तकातले इंग्रजी वर्गात आणि पोटापाण्याचे इंग्रजी घरात, अशी दोघांची कधी गाठच पडली नाही.

म्हणून यंदा सराव पाठाच्या वेळी मी आठवीच्या मुलांना सांगितले, घरात इंग्रजी लिहिलेले जे काही असेल, ते कागदावर जसेच्या तसे उतरवून आणा. औषधाच्या बाटल्यांना हात लावू नका, मोठ्यांना धरायला सांगा आणि लांबून उतरवा. दुसऱ्या दिवशी जे आले त्याने मीच थक्क झाले. एका मुलाने बँकेचे दोन निरोप आणले होते. एकात ‘क्रेडिटेड’ आणि दुसऱ्यात ‘डेबिटेड’. किसान सन्मानाचे दोन हजार रुपये आले की गेले, यावरून त्याच्या घरी भांडण झाले होते. एका मुलीने आजीच्या सोनोग्राफीचा कागद उतरवला होता. मूत्रपिंडांपुढे ‘अनरिमार्केबल’ असे होते. तिने कोशात पाहिले, तर ‘विशेष नसलेले, सामान्य’ असा अर्थ निघाला. आजीची मूत्रपिंडे सामान्य प्रतीची आहेत, असा तिचा समज झाला होता. तिथे त्याचा अर्थ ‘नोंद करावे असे वाईट काही दिसले नाही’ असा होतो, हे कळल्यावर ती जी हसली, तसे हसू मी माझ्या इंग्रजीच्या तासाला कधी पाहिले नव्हते. मागच्या बाकावरच्या एका मुलाने चार त्रिकोण काढले होते. मी ते फळ्यावर घेतले आणि विचारले, यांतला सगळ्यांत जालीम कोणता? बरेच हात वर झाले. एक मुलगा हात खाली ठेवून म्हणाला, ‘मॅडम, मले नाही माहीत.’ मी त्याला उभे केले आणि वर्गाला सांगितले, या प्रश्नाला माहीत नसताना द्यायचे हेच बरोबर उत्तर आहे.

माझ्या निरीक्षण वहीत शेरा पडला, ‘पाठ्यघटकाशी संबंध कमी, वेळेचे नियोजन सुधारावे.’ वेळेचे म्हणणे मला मान्य आहे. तास संपला तरी अर्धे कागद उरले होते. पाठ्यघटकाबद्दल मी अजून विचार करते आहे. परीक्षा मुलांना द्यायचीच आहे, पत्रे-संवाद शिकायचेच आहेत. शिवाय, शेतकऱ्याच्या हातात जाणारी वस्तू काय आहे, ते त्याच्या भाषेत ठळक सांगण्याची जबाबदारी विकणाऱ्याची आहे. आठवीतल्या पोरीने इंग्रजी शिकून ती उचलावी, ही अपेक्षाच चुकीची आहे. माझा तास कितीही सुधारला तरी ती जबाबदारी माझ्या विद्यार्थ्यांच्या माथी जाऊ नये.

त्या बाटल्यांचे खरे काय होते, ते मला दोन वर्षांनी कळले. गावात फवारणीविषयी सभा झाली आणि तिथे कृषी सहायकांनी चारही त्रिकोण समजावून सांगितले. मी बायकांच्या मागे बसले होते. तेव्हापासून ही गोष्ट पोटात होती. सराव पाठ झाला त्या शनिवारी गावी गेले आणि बाबांना सांगितली. ते जेवत होते. ऐकून घेतले, थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘तू आठवीत होती. ते बाटली वाचाचं काम तुह्यं होतं काय? दुकानदारानं सांगाले पायजे होतं, मी विचाराले पायजे होतं.’ आणि भाजी वाढायला सांगितले.

अजूनही ते बाटलीचा फोटो मोबाइलवर पाठवतात. मी वाचते. त्रिकोण सांगते, हातमोज्यांचे सांगते. एखादा शब्द अडला, तर आता म्हणते, ‘बाबा, हे मला माहीत नाही. विचारून सांगते, तोवर बाटली उघडू नका.’ आणि ते थांबतात.