लॅपटॉपची वाटणी

दिवाळीला बडोद्याला घरी गेलो तेव्हा बाबांचा नवा लॅपटॉप अजून खोक्यातच होता. "तू आल्यावरच उघडायचा असं ठरवलं होतं. आधी मला वाटणी करून दे," ते म्हणाले. वाटणी म्हणजे पार्टिशन. बाबांची सगळी नोकरी हिशेबखात्यात गेली. रकाने आखल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. वहीत त्यांनी यादीही करून ठेवली होती: सी म्हणजे विंडोज, डी कागदपत्रं, ई फोटो, एफ गाणी आणि जी 'इतर'.

मी सॉफ्टवेअर इंजिनीअर. माझ्यासाठी हे दहा मिनिटांचं काम. पण ती यादी बघून पोटात कालवलं. कारण आधीच्या लॅपटॉपची अशीच वाटणी मीच करून दिली होती आणि तेव्हा बाबांना सांगितलं होतं, "महत्त्वाचं सगळं डीमध्ये ठेवा, तिथे सुरक्षित राहील."

हे खोटं नव्हतं, अर्धवट होतं. विंडोज राहतं सी ड्राइव्हवर. (ए आणि बी ही अक्षरं पूर्वी फ्लॉपीसाठी राखलेली, म्हणून हार्ड डिस्कची सुरुवात सीपासून.) विंडोज बिघडलं की सी पुसून ते पुन्हा इन्स्टॉल करायचं. आपल्या फाइली डीमध्ये असल्या तर त्यांना हात लागत नाही. सुरक्षित म्हणजे एवढंच.

बाबांनी मात्र ते वाक्य पूर्ण मनावर घेतलं. आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाचे फोटो, तिच्या आवाजात रेकॉर्ड केलेल्या जात्यावरच्या ओव्या आणि त्यांनी स्वतः खपून टाइप केलेली आमच्या घराण्याची वंशावळ, सगळं डीमध्ये. वर खबरदारी म्हणून त्याची आणखी एक प्रत ईमध्ये. मग एक दिवस डिस्क टकटक आवाज करू लागली आणि दुसऱ्या दिवशी लॅपटॉप सुरूच झाला नाही. दुरुस्तीवाल्याने डिस्क गेल्याचं सांगितलं. बाबांनी मला फोन करून विचारलं, "सी गेली ना? डी आणि ई तर असतील?"

काही फोटो चुलतबहिणीच्या मोबाइलवर मिळाले. वंशावळीची एक जुनी छापील प्रत काकांकडे निघाली, नंतरची भर तीत नव्हती. आजीचा आवाज मात्र गेला. आजी त्याआधीच गेली होती. बाबा मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

म्हणून या वेळी खोकं उघडण्याआधी मी ते वाक्य पुरं केलं. पार्टिशन केल्याने डिस्कचे तुकडे होत नाहीत. डिस्कवरच्या एका छोट्या तक्त्यात फक्त नोंद होते, की इथून इथपर्यंत सी आणि तिथून पुढे डी. डिस्क एकच. ती मेली की सगळी अक्षरं एकदम जातात.

बाबा क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे आपल्या वाड्यासारखं." आजोबा आणि त्यांचे भाऊ वेगळे झाले तेव्हा चौकात भिंत घातली गेली, चुली दोन झाल्या, पण माडीच्या तुळया आरपार तशाच राहिल्या. पुढे पलीकडच्या बाजूला वाळवी लागली तेव्हा आमच्याही माडीचं छत उतरवावं लागलं. "वाळवीला काय वाटणीपत्र दाखवणार?" बाबा म्हणाले. पार्टिशन आणि बॅकअप यांतला फरक मला इतका सोपा करून सांगता आला नव्हता.

मग लॅपटॉप सुरू केला आणि पहिली तक्रार आली. खोक्यावर ५१२ जीबी, पडद्यावर ४७६. "छत्तीस जीबी कुठे गेले? लाव दुकानदाराला फोन." दुकानदाराचा दोष नव्हता. डिस्क बनवणारे १०० कोटी बाइट्सचा एक जीबी धरतात, विंडोज १०२४ गुणिले १०२४ गुणिले १०२४ असा मोजतं. जागा तीच, मापं दोन. बाबांनी वहीत भागाकार मांडला, ४७६.८ आले, तेव्हा कुठे दुकानदार सुटला.

आता पाच भाग करायचे की किती? मी पाचाला नाही म्हटलं. कप्पे जितके जास्त तितकी रिकामी जागा अडकते. फोटोंचा कप्पा भरतो, गाण्यांचा अर्धा रिकामा राहतो. नंतर मापं बदलणंही सोपं नाही. विंडोजच्या स्वतःच्या साधनाने सी वाढवायचा तर त्याला अगदी लागून पुढे मोकळी जागा लागते आणि तिथे तर डी बसलेला असतो. फोटो, गाणी, कागदपत्रं वेगळी ठेवायला फोल्डर पुरतात. जुन्या फिरत्या डिस्कमध्ये बाहेरच्या कडेचा भाग जास्त वेगवान असायचा, त्यामुळे सी सुरुवातीला ठेवण्यात थोडा फायदा होता. आताच्या एसएसडीमध्ये फिरणारं काही नसतंच, त्यामुळे पार्टिशनने वेग वाढत नाही.

शेवटी दोनच भाग ठरले. सी सुमारे २५० जीबी, डी २२५. विंडोज ११ला किमान ६४ जीबी लागतात, पण अपडेट, नवे प्रोग्रॅम, डाउनलोड सगळं सीमध्येच साठत जातं, म्हणून तो ऐसपैस ठेवला. २५६ जीबीचा लॅपटॉप असता तर मी वाटणी केलीच नसती.

करताना तीन गोष्टी सांभाळल्या. नव्या लॅपटॉपमध्ये बऱ्याचदा बिटलॉकरचं कुलूप आधीच लागलेलं असतं, म्हणून त्याची रिकव्हरी की आधी वहीत उतरवून घेतली. डिस्क मॅनेजमेंटमध्ये एक-दोन छोटे, बिनअक्षरी कप्पे दिसतात. ते लॅपटॉप सुरू होण्यासाठी आणि दुरुस्तीसाठी असतात, त्यांना हात लावला नाही. मग सीवर 'श्रिंक व्हॉल्यूम' केलं. तिथे आकडा एमबीमध्ये द्यायचा असतो, म्हणून २२५ गुणिले १०२४, म्हणजे २,३०,४०० लिहिले. मोकळ्या झालेल्या जागेवर 'न्यू सिम्पल व्हॉल्यूम' करून डी तयार केला.

एक गोष्ट बाबांना नवी होती. डेस्कटॉपवर ठेवलेली फाइल सीमध्येच असते. डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स ही फोल्डरंही तिथेच. त्यांच्या प्रॉपर्टीजमधल्या 'लोकेशन'मध्ये जाऊन ती डीवर हलवून दिली.

यानंतर खरं काम. एक टीबीची बाहेरची डिस्क मी पुण्याहून आणली होती. (ती ९३१ जीबी दाखवते, पण आता बाबांनी भुवई उंचावली नाही.) दर महिन्याच्या पहिल्या रविवारी डी तिच्यावर उतरवायचा, दोन-चार फाइली उघडून बघायच्या आणि डिस्क काढून कपाटात ठेवायची. लॅपटॉपला कायम जोडून ठेवली तर व्हायरस किंवा विजेचा झटका दोघांनाही गाठू शकतो. "आणि एक प्रत मांजलपूरला काकांकडे," हे बाबांनीच सुचवलं. दुसरी डिस्क भाऊबीजेच्या दिवशी काकांकडे पोहोचलीसुद्धा.

आपल्या मंडळातल्या कितीतरी घरांत जुने फोटो, पत्रं, वंशावळी असतील आणि त्या कोणाच्या तरी डी ड्राइव्हमध्ये 'सुरक्षित' असतील. तुम्ही माझ्यासारखे घरातले कॉम्प्युटरवाले असाल, तर या खेपेला घरी गेल्यावर एवढंच विचारा, दुसरी प्रत कोणत्या डिस्कवर आहे? अक्षर विचारू नका, डिस्क विचारा.

मी पुण्याला परतलो त्या रात्री बाबांचा मेसेज आला. आजीच्या ओव्यांतल्या आठवल्या तेवढ्या अकरा त्यांनी स्वतःच्या आवाजात म्हणून ठेवल्या आहेत. खाली लिहिलं होतं: 'प्रती तीन. उघडून पाहिल्या.'