खाण्याचा गुलाब आणि त्याचे सोबती

गुलकंद तुम्ही आवडीने खाल्ला असेल. 'गुल' म्हणजे फूल आणि 'कंद' म्हणजे साखर. दोन्ही शब्द फारसीतून आलेले. इंदापूर तालुक्यातील वालचंदनगर तर साखरेमुळेच वसले. शेठ वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९३० च्या दशकात येथे साखर कारखाना सुरू झाला. अशा उसाच्या मुलखात साखरेची वाण नाही. पण गुलाब कोठून आणायचा?

फुलवाल्याकडचा गुलाब खाऊ नका. तो शोभेसाठी वाढवलेला असतो आणि त्यावर अनेकदा कीटकनाशके फवारलेली असतात. काही औषधे आंतरप्रवाही असतात. म्हणजे ती झाडाच्या रसातच मिसळतात. मग पाकळ्या कितीही धुतल्या तरी काय उपयोग? म्हणून खाण्याचा गुलाब आपल्याच बागेत, विषारी औषधाविना वाढवावा. त्यासाठी सुवासिक गुलाबी गावठी गुलाब उत्तम.

प्रथम जमीन पाहा. या भागातील काळी माती पाणी धरून ठेवते. नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यात अति पाण्यामुळे कित्येक जमिनी क्षारपड झाल्या. गुलाबाच्या मुळांना हवा लागते. साचलेल्या पाण्यात ती कुजतात. म्हणून वाफा वीतभर उंच करा, मातीत भरपूर शेणखत मिसळा आणि दिवसाचे निदान सहा तास ऊन मिळेल अशी जागा निवडा. पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरच्या सुमारास छाटणी करा.

थंडीत कोवळ्या फुटीवर मावा दिसू लागतो. माव्याची मादी नराशिवायही पिल्ले देते आणि ती पिल्ले आठ-दहा दिवसांत स्वतः पिल्ले देऊ लागतात! मग औषधाशिवाय तो आवरायचा कसा? येथे गुलाबाचे सोबती कामाला येतात. वाफ्याच्या कडेने कोथिंबीर, शेपू, बडीशेप लावा आणि त्यांतली काही रोपे न खुडता फुलू द्या. त्यांच्या बारीक, उघड्या फुलांतील मध व पराग खायला सिरफिड माश्या येतात आणि माव्याच्या जवळ अंडी घालतात. अंड्यांतून निघालेल्या अळ्या मावा फस्त करतात. ढालकिडाही माव्याचा मोठा शत्रू. त्याची अळी काळसर, चिमुकल्या सुसरीसारखी दिसते. अनेक जण तिलाच कीड समजून चिरडतात. तुम्ही तसे करू नका. वाढ पूर्ण होईपर्यंत ती शेकडो मावा खाते.

झेंडूचे काम जमिनीखाली चालते. त्याच्या मुळांतील एक द्रव्य मुळांवर गाठी आणणाऱ्या सूत्रकृमींना मारक ठरते. मात्र एखाद-दुसरे रोप पुरत नाही. झेंडू दाट आणि काही महिने असावा लागतो.

लसणाच्या वासाने मावा पळतो, असेही सांगतात. हे खरे का? तुम्हीच पडताळा. सारख्या जातीचे, सारख्या वयाचे सहा गुलाब कुंड्यांत लावा. तिघांत लसूण लावा, तिघांत नको. दोन्ही गटांना ऊन, पाणी, खत सारखेच द्या. दर आठवड्याला प्रत्येक झाडाच्या पाच शेंड्यांवरील मावा मोजून तक्ता करा. उत्तर 'नाही' आले, तरी तेही ज्ञानच!

फुले सकाळी लवकर तोडा. ऊन चढले की सुगंधी तेल उडून जाते. पाकळ्या धुऊन, सावलीत कोरड्या करून त्यांच्या दुप्पट वजनाच्या खडीसाखरेबरोबर स्वच्छ बरणीत थरांनी भरा. झाकण लावून बरणी तीन-चार आठवडे रोज उन्हात ठेवा. साखर पाकळ्यांच्या पेशींतील पाणी ओढून घेते. यालाच परासरण म्हणतात. त्या दाट पाकात शिरलेल्या जंतूंच्या पेशींतले पाणीही असेच ओढले जाते, त्यामुळे त्यांची वाढ होत नाही आणि गुलकंद टिकतो.

म्हणजे पाहा, झाडावर फुलाची राखण अळ्यांनी केली आणि बरणीत साखरेने. विषाची गरज कोठेच पडली नाही.