मासे सर्वांत शेवटी

बोअरची मोटार दुरुस्तीला आली की ती उघडतानाच मला त्या घरचं पाणी कळतं. पंख्यावर पांढरा थर जमलेला असला की समजायचं, पाणी जड आहे. त्या घरी गीझरची कॉइल लवकर जाते, तुरीची डाळ शिजता शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही. बालाघाट जिल्ह्यातल्या आमच्या लांजीत एकाच गल्लीत विहिरीचं पाणी एक आणि बोअरचं दुसरंच, हे मी रोज पाहतो. म्हणून ‘मोठा फिश टँक ठेवायचाय, मासे कोणते आणू?’ असं कुणी विचारलं की माझा उलटा प्रश्न असतो, ‘पाणी कुठलं भरणार?’

मोटारी वाइंडिंग करणाऱ्याचा माशांशी तसा काय संबंध? पण टँकचा पंप, हीटर, दिवा बसवायला लोक मलाच बोलावतात. शिवाय आमच्या बैठकीत चार फुटी टँक आहे, त्यामुळे माणसं येता-जाता सल्ला विचारतात. बहुतेकांची यादी आधीच तयार असते: दोन एंजल, चार गोल्डफिश, एक ‘शार्क’, काच चाटणारा एक सकर आणि उरलेल्या जागेत निऑन. यातला एकही मासा दुसऱ्याच्या शेजारी सुखाने राहणारा नाही, हे दुकानदार सांगत नाही. त्याला मासे विकायचे असतात.

नवख्या माणसाने मोठा टँक घ्यावा, हे माझं मत ऐकून लोकांना नवल वाटतं. आधी काचेचा वाडगा, मग हळूहळू मोठा टँक, असा सगळ्यांचा हिशेब. पण दहा लिटर पाण्यात दाण्यांची एक चिमूट जास्त पडली तर संध्याकाळपर्यंत मासे तडफडायला लागतात. तीच चिमूट अडीचशे लिटरमध्ये पडली तर निस्तरायला वेळ मिळतो. ऊन-थंडीचंही तसंच. मोठं पाणी सावकाश तापतं आणि सावकाश निवतं.

चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच, हे माप मला घरासाठी बरं वाटतं. त्यात काठोकाठ सुमारे २५५ लिटर पाणी मावतं. दहा मिलिमीटरची काच पन्नास किलोच्या आसपास भरते, वाळू पंचवीस-तीस किलो. म्हणजे स्टँड सोडून सव्वातीन क्विंटलच्या वर, धानाचे आठ कट्टे एकावर एक रचल्याइतकं वजन. हे शोकेसच्या फळीवर ठेवायचं नाही. स्टँड लोखंडी अँगलचा हवा, लेव्हल लावून चारही पाय तपासलेला. त्यावर प्लाय आणि प्लायवर थर्माकोल, म्हणजे एका कोपऱ्यावर ताण येऊन काच तडकत नाही. खिडकीसमोर मात्र नको. सकाळचं ऊन दोन तास आलं तरी काचेवर शेवाळ धरतं आणि मग घरात त्यावरून भांडणं होतात.

माझ्या धंद्याचं थोडं सांगतो. बोर्ड टँकच्या पाण्यापेक्षा उंच असावा आणि प्रत्येक वायरला खाली झोळ द्यावा, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी झोळापाशीच टपकतं, सॉकेटपर्यंत पोचत नाही. त्या लाइनवर करंट गळला की लाइन तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा. तो नसेल तर मी हीटर जोडून देत नाही, मग गिऱ्हाईक रागावो. पाणी काढण्याआधी हीटर बंद करावा, कारण तापलेली काचनळी हवेत उघडी पडली की फुटते. एअर पंप टँकच्या खाली ठेवला असेल तर नळीत नॉन-रिटर्न वॉल्व्ह हवा. लाइन गेली की पाणी नळीतून उलटं येतं आणि पंपात शिरतं. असे बुडालेले पंप माझ्या दुकानात पावसाळाभर येतात.

टँक भरला, फिल्टर सुरू झाला, पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतंय. इथेच माणसं फसतात. दिसायला स्वच्छ असलं तरी हे पाणी माशांसाठी अजून कच्चं असतं. मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया टाकतो, उरलेलं खाणं कुजून अमोनिया होतो, आणि अमोनिया त्याला जाळतो. नदी-तलावात हे विष खाणारे जिवाणू चिखलात, दगडांवर, पानांवर असतात. नव्या टँकमध्ये ते नसतात, वाढवावे लागतात. एका जातीचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषच, त्याने रक्त तपकिरी पडतं आणि पाण्यात प्राणवायू असूनही मासा वर येऊन धापा टाकतो. दुसऱ्या जातीचे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात, ते बरंचसं निरुपद्रवी असतं. जुन्या पुस्तकांत या दुसऱ्या कामाचं श्रेय नायट्रोबॅक्टरला दिलेलं असे. १९९८ मध्ये टिमोथी हॉवनेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की गोड्या पाण्याच्या टँकमध्ये हे काम नायट्रोस्पायरा करतात. मासे पाळणाऱ्याला नाव माहीत नसलं तरी चालेल, पण त्यांना वेळ लागतो हे माहीत हवं. साधारण चार ते सहा आठवडे.

या काळात टँकमध्ये मासा नको. रोज चिमूटभर माशांचं खाणं तसंच पाण्यात टाकायचं. ते कुजतं, अमोनिया होतो, जिवाणूंना अन्न मिळतं. थेंबांची टेस्ट किट मागवून घ्यावी, तिच्यात आधी अमोनिया चढताना दिसतो, मग उतरतो. मग नायट्राइट चढतं आणि उतरतं. दोन्ही शून्यावर आले की टँक तयार. ओळखीच्या कुणाचा निरोगी, जुना टँक असेल तर त्याच्या फिल्टरचा स्पंज आपल्या पाण्यात पिळावा. हे विरजण लावण्यासारखंच आहे, काम बरंच लवकर होतं. पुढे हाच स्पंज कधी नळाखाली धुऊ नये. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने जिवाणू मरतात. टँकमधून काढलेल्या पाण्याच्या बादलीतच तो हलका पिळावा.

आपल्याकडे पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी येतं तेव्हा ब्लीचिंगही जास्त पडतं. विहिरीत तर कुणी सरळ पुडा रिकामा करतं. त्या आठवड्यात पाणी बदलू नये, आणि बदलायचंच असेल तर क्लोरीन मारणारं अँटीक्लोर बाटलीवर लिहिलेल्या मापाने घालावं. बोअरच्या पाण्यात क्लोरीन नसतं, पण त्याचा पीएच बहुधा वरचा असतो, आणि ते माशांना जाचक ठरू शकतं. पंचवीस अंशाच्या पाण्यात पीएच ७ असेल तर एकूण अमोनियातला शंभरात एक भागही विषारी रूपात नसतो. पीएच ८ ला तो पाच भागांच्या वर जातो. म्हणून जड पाण्याच्या टँकमध्ये गर्दी आणि जादा खाणं लवकर अंगाशी येतं.

वनस्पतींसाठी पैसे घालवायची आपल्याला गरज नाही. भंडारा, गोंदिया, बालाघाट हा सगळा तलावांचा मुलूख. गोंड राजांच्या काळी कोहळी लोकांनी बांधलेले हजारो तलाव आणि लहान बोड्या इथे आहेत. त्यांत हायड्रिला आणि पट्टीसारख्या लांब पानांची व्हॅलिस्नेरिया वाढते. १८५० मध्ये लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनतज्ज्ञाने काचेच्या भांड्यात मासे जगवून दाखवले, तेव्हा त्यानेही हीच व्हॅलिस्नेरिया लावली होती. पानं कुजायला लागली तेव्हा ती खायला त्याने गोगलगाई सोडल्या. मोटार नाही, पंप नाही, तरी भांडं टिकलं.

आमच्या शेजारच्या गोंदिया जिल्ह्यात हेच काम अख्ख्या तलावांवर झालं. अर्जुनी मोरगाव भागातले ढीवर समाजाचे पतिराम तुमसरे आणि भंडाऱ्याचे मनीष राजनकर यांनी गावकऱ्यांसोबत तलावांत पाणवनस्पती पुन्हा लावल्या. रोहू-कतल्याचं बीज सोडून तलाव चालवण्याच्या पद्धतीत तिथले लहान, देशी मासे हटत चालले होते. त्यांना लपायला, अंडी घालायला, खायला जागा मिळाली तेव्हा ते परतले. बैठकीतल्या टँकची योजना करताना मी ढिवरांचा हा क्रम डोळ्यांसमोर ठेवतो: आधी पाणी, मग झाडी, मग मासे. तलावातली झाडं आणताना एक काळजी घ्यावी. पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्यात ती थोडा वेळ बुडवून, धुऊन लावावीत. त्यांच्यासोबत चतुराची पिल्लं येतात. काडीसारखी दिसणारी ती अळी लहान मासे पकडून खाते.

आता मासे. यादी दुकानात जाऊन करू नये, घरी बसून करावी. आणि प्रत्येक माशाच्या नावापुढे तो पूर्ण वाढल्यावर किती मोठा होतो ते लिहावं. दुकानात बोटाएवढा दिसणारा ‘शार्क’ म्हणजे पंगॅशियस, आपण ताटात खातो तोच, मीटरभर वाढणारा. सकर दीड फुटाच्या घरात जातो. गोल्डफिशला थंड पाणी हवं आणि तो घाण फार करतो. एंजल मोठा झाला की निऑन गिळतो. टायगर बार्ब लांब परांच्या माशांचे पर कुरतडतो. वास्तूसाठी अरोवाना किंवा फ्लॉवरहॉर्न हवा असेल तर मिळून-मिसळून राहणाऱ्या माशांचा विषय तिथेच संपला.

पाणी जड असेल तर मॉली, प्लॅटी, स्वॉर्डटेल, गप्पी हे मूळचे अमेरिकेकडचे मासे त्यात मजेत राहतात. फक्त त्यांची पिल्लं होतात, आणि होतच राहतात. नुसते नर घेतले तर तो प्रश्न मिटतो. अ‍ॅमेझॉनच्या मऊ, आम्ल पाण्यातल्या निऑनचा हट्ट बोअरवाल्याने सोडून द्यावा. औषधं घालून पीएच खाली ओढत बसण्यापेक्षा आहे त्या पाण्यात राहणारा मासा शोधणं सोपं.

मला स्वतःला आपल्याकडचे मासे आवडतात. झेब्रा, रोझी बार्ब, लाल-निळ्या पट्ट्यांचा ड्वार्फ गुरामी, हे तिन्ही भारतातले. कंपनी सरकारचे डॉक्टर फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ च्या आपल्या गंगेतल्या माशांवरील ग्रंथात त्यांची शास्त्रीय वर्णनं केली. झेब्रा आज जगभरच्या प्रयोगशाळांत अभ्यासला जातो, आणि आपल्या दुकानात तो सर्वांत स्वस्त मासा म्हणून कोपऱ्यात पडलेला असतो. याच देशी माशांतल्या काचमाशाच्या पारदर्शक अंगात सुईने रंग टोचून तो ‘डिस्को’ म्हणून विकला जात असे. असा भडक रंगाचा मासा कुणी दाखवला तर घेऊ नये. रंग उतरतो आणि मासाही फार दिवस टिकत नाही.

चार फुटांच्या टँकला माझी यादी अशी असते. वरच्या पाण्यात दहा झेब्रा. मध्ये आठ रोझी बार्ब, नर कमी आणि माद्या जास्त. तळाला सहा-आठ कोरीडोरास. त्यांना मिशा असतात, म्हणून वाळू बारीक आणि गोलसर हवी. बांधकामाची वाळू चालते, पण बादलीत हात घालून पाणी नितळ दिसेपर्यंत धुवावी आणि वर लिंबू पिळून पाहावं. फेस आला तर तिच्यात चुना आहे. शेवटी ड्वार्फ गुरामीची एक जोडी. कळपातला मासा दोन किंवा तीन आणू नये. एकटा पडलेला झेब्रा दुसऱ्यांच्या मागे लागतो, दहा असले की आपसांत खेळतात. सगळे एका दिवशी सोडायचे नाहीत. आधी झेब्रा, मग दोन आठवड्यांनी बार्ब, मग तळाचे. प्रत्येक वेळी जिवाणूंना नव्या घाणीच्या मापाने वाढावं लागतं. ज्याला आपली जागा हवी असते तो गुरामी शेवटी, नाहीतर आधी आलेला तो पुढच्यांना कोपऱ्यात कोंडतो.

खाणं दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. दर आठवड्याला पाव टँक पाणी बदलायचं. काढलेल्या पाण्यात नायट्रेट असतं, ते परसातल्या वांग्यांना घालावं.

बालाघाट जिल्ह्यात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पाणी चांगलंच गार होतं, तेव्हा थर्मोस्टॅटवाला दोनशे वॅटचा हीटर लागतो. मला मे महिन्याची चिंता जास्त. वीस अंशाच्या पाण्यात लिटरमागे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, बत्तीस अंशाला सव्वासात. आणि नेमकी तेव्हाच माशाची भूक आणि श्वास वाढलेला असतो. त्यात दुपारी लाइन गेली की फिल्टर थांबतो, मासे वर येतात. इन्व्हर्टरवर निदान एअर पंप तरी घ्या, तो चार-पाच वॅटच खातो. इन्व्हर्टर नसेल तर मगने पाणी काढून वरून ओतत राहावं. झाकण उघडं टाकून टेबलफॅन पाण्याकडे वळवला तर दोन-तीन अंश उतरतात, पण झेब्रा उडी मारतो, म्हणून जाळी लावायची.

कंटाळा आला, बदली झाली, सकर मोठा झाला, म्हणून मासे बोडीत सोडायचे नाहीत. दक्षिण अमेरिकेतला हा सकर असाच कुणी-कुणी सोडत गेला, आणि आज सोलापूरकडच्या उजनी जलाशयात मच्छीमारांच्या जाळ्यात तो येतो. त्याच्या काटेरी अंगाने जाळी फाटतात आणि बाजारात त्याला कुणी विचारत नाही. लांजीचं पाणी बाघ नदीला मिळतं, बाघ वैनगंगेला, पुढे वर्धेशी मिळून ती प्राणहिता होते आणि गोदावरीत जाते. आपल्या बोडीतला एक सकर पुराच्या पाण्यात कुठवर जाईल, सांगता येत नाही. दुकानदार फुकट दिलेला मासा सहसा परत घेतो. नाहीच घेतला तर मला फोन करा, कुणाचा तरी मोठा टँक माझ्या माहितीत असतो.

आमच्या टँकमधली गुरामीची जागा सध्या मोकळी आहे. गोंदियाच्या दुकानदाराने जोडी बाजूला काढून ठेवतो म्हटलं, मी नको म्हणालो. या उन्हात बसमधून पाण्याची पिशवी आणण्यापेक्षा पहिला पाऊस पडू दे.